दुसऱ्या अंकाचं वाचन

गोरक्षसरांचं वाईट व्हावं असं मला अकरा वर्षं रोज वाटत होतं, आणि ते मी लपवणार नाही. लोक म्हणतात, मनात राग ठेवला की माणूस आतून पोखरतो. मी तर चांगली ठणठणीत राहिले. राग होता म्हणून तर सकाळी उठावंसं वाटायचं.

१९९४ साली मी चोवीस वर्षांची होते. दिवसा मेन रोडला टायपिंगच्या क्लासमध्ये मुलींना शिकवायचे आणि संध्याकाळी गोरक्षसरांच्या नाट्यसंस्थेत जायचे. नटी म्हणून नव्हे हो. माझं अक्षर चांगलं, म्हणून नाटकाच्या प्रती काढायला. कागदांमध्ये दोन कार्बन घालायचे आणि एका दमात तीन प्रती लिहायच्या. एक दिग्दर्शकाला, एक सरकारी मंजुरीला पाठवायला, एक प्रॉम्प्टरला. प्रॉम्प्टरही मीच. खालच्या प्रतीवर अक्षर उमटावं म्हणून पेन इतकं दाबायला लागायचं की मधल्या बोटाला घट्टा पडला होता. गोरक्षसर म्हणजे दिग्दर्शक, मुख्य नट आणि संस्थेचे अध्यक्ष, सगळं तेच. आवाज मात्र असा की ऐकत राहावं. ते कबूल करायला माझं काही जात नाही.

त्या वर्षी मी एक एकांकिका लिहिली, 'अर्जदार हजर'. माझ्या आईची गोष्ट. आम्ही मूळचे इगतपुरीकडचे. माझा बाप, सोमा गभाले, एका धरणाच्या कामावर होता. मी चार वर्षांची असताना दरड अंगावर येऊन तो गेला. त्याच्या जागी बायकोला कामावर घेतो, अर्ज द्या, असं मुकादमाने सांगितलं. माझ्या आईला, भिमाबाईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. कचेरीबाहेर चिंचेखाली रावजी नावाचा माणूस अर्ज लिहून द्यायचा. आईने रडत रडत त्याला सगळी हकिकत सांगितली, त्याने लिहून घेतली, खाली तिचा अंगठा उठवून घेतला. आणि अर्जदाराच्या जागी नाव घातलं आपल्या भावजयीचं. तीही विधवाच होती. अंगठ्यावर कुठे कोणाचं नाव असतं? भावजय कामाला लागली, आणि आई मला कडेवर घेऊन नाशिकला आली. पंचवटीच्या बाजारात गोणपाटावर बसून मेथी-कोथिंबीर विकायला लागली.

अंगठा उठतो तिथे माझी एकांकिका संपत होती. गोरक्षसरांनी ती वाचली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते पाणी. म्हणाले, "ललिता, हे करायचंच. रावजी मी करतो. तू तीन प्रती काढ. पहिलं पान कोरं ठेव, संस्थेचा शिक्का मारून नावं मी घालतो."

मी कोरं ठेवलं! आई अर्जाला फसली, त्याच फसवणुकीवर मी नाटक लिहिलं, आणि त्याच नाटकाच्या पहिल्या पानाला मी स्वतः फसले. आजही आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

कळलं कधी, तर स्पर्धेच्या दिवशी. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर प्रत. आई तिसऱ्या रांगेत, माझी नवी साडी नेसून. तिसरी घंटा झाली आणि घोषणा झाली. 'अर्जदार हजर', लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका, गोरक्ष अमुकतमुक. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण पडदा उघडला होता. प्रॉम्प्टर ओरडू शकत नाही. त्या चाळीस मिनिटांत सर दोनदा अडले, आणि दोन्ही वेळा माझंच वाक्य मीच त्यांच्या तोंडात घातलं.

नंतर मेकअपच्या खोलीत मी विचारलं. आरशात बघत, क्रीमने तोंड पुसत ते म्हणाले, "अगं, नवख्या बाईचं नाव बघून परीक्षक मार्क देतात होय? पुढच्या वर्षी तुझं घालू. आणि खरं सांगू का, तू नुसतं लिहून काढलंस. उभं मी केलं."

लेखनाचं पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. पेपरात मुलाखत आली. 'ही माझ्या आईची गोष्ट आहे,' म्हणाले. त्यांची आई! गंगापूर रोडला बंगल्यात राहायची, भाजी दारात यायची तिच्या, आणि तीही तिला कधी ताजी वाटायची नाही.

घरी जाताना आई पुलावर थांबली. म्हणाली, "तुजं नाव नाय घेतलं त्यांनी."

"नाही घेतलं."

"मी तव्हा गप बसले. त्याचं काय झालं ते तू बघतीच हायेस. तू गप बसू नको." मग जरा चालल्यावर म्हणाली, "पन घाई बी करू नको. हाताशी काय नसताना भांडलं तर लोक आपल्यालाच येडं ठरवत्यात."

तिचं ऐकलं मी. संस्था सोडली नाही. प्रती काढत राहिले, प्रॉम्प्टिंग करत राहिले. मागून लोक म्हणायचे, हिला काही मानपान आहे की नाही? होता हो, भरपूर होता. दात-ओठ खाऊन मी त्या स्टुलावर बसायचे. मधल्या काळात सरांनी स्वतः दोन नाटकं लिहिली. खरोखरच स्वतः लिहिली. पहिल्याला परीक्षकांनी मध्यंतरात चहा मागवला आणि तो संपेपर्यंत कोणी आत आलं नाही. दुसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. मी मात्र दोन्हींच्या सुंदर अक्षरात तीन-तीन प्रती काढल्या. २००१ साली आई गेली. शेवटपर्यंत ती दर दसरा-दिवाळीला विचारायची, "झालं का गं त्याचं काय?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही."

२००५ साली झालं.

'अर्जदार हजर' संस्थेच्या वर्धापनदिनाला पुन्हा केली होती. मुंबईचे एक निर्माते, मनोजशेठ, कोणाच्या तरी लग्नाला नाशिकला आले होते, ते बघायला आले. त्यांना नाटक आवडलं. म्हणाले, "एकांकिका धंद्याला चालत नाही. दुसरा अंक लिहा, दोन अंकी करा, मी उचलतो. रावजी तुम्हीच करा." गोरक्षसर पन्नाशीचे झालेले. आयुष्यभर व्यावसायिक रंगभूमीची वाट बघत होते, आणि ती आता दारात येऊन उभी होती. फक्त दुसरा अंक लिहायचा होता. तेवढंच जमत नव्हतं.

दोन महिने त्यांनी कागद काळे केले. मग एका रविवारी सकाळी दिंडोरीच्या बेदाण्यांची पेटी घेऊन ते पंचवटीत माझ्या खोलीवर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आईच्या फोटोला नमस्कार केला. मनात म्हटलं, करा, करा.

"ललिता, मला वेळच मिळत नाहीये गं. तुझा हात बसलाय माझ्या लिखाणाला. दुसरा अंक तू नुसता… लिहून काढशील का? दसऱ्याला वाचन ठेवलंय."

"काढते की, सर."

"नावाचं म्हणशील तर, पहिल्या अंकाला माझं आहे, तर आता दुसऱ्याला वेगळं…"

"नावाचं काय घेऊन बसलात, सर! बेदाणे गोड आहेत का?"

त्यांचा चेहरा असा खुलला की मला हसू आवरेना. ते समजले मी बेदाण्यांना हसतेय.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही. नाटकवाल्यांत नाटकाचं वाचन लेखकाने स्वतः करायची रीत आहे. नारळ फुटतो, निर्माते आणि नट मांडी घालून बसतात, आणि लेखक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो. गोरक्षसरांचं वाचन अख्ख्या नाशिकात प्रसिद्ध होतं. आणि त्यांचा एक हट्टही प्रसिद्ध होता. कुठल्याही नाटकाचा शेवटचा प्रवेश ते आधी वाचत नसत. थेट लोकांसमोरच वाचायचे. म्हणायचे, "पहिल्यांदा वाचताना जो हुंदका येतो तो दुसऱ्यांदा येत नाही." लोक वा वा करायचे. दुसऱ्यांच्या नाटकांना हे ठीक हो. पण स्वतःच्या नाटकाचा शेवट स्वतःच आधी न वाचणारा लेखक तुम्ही कुठे बघितलाय? त्यांच्या हे लक्षातच आलं नाही. अकरा वर्षांत मात्र ते माझ्या लक्षात आलं होतं.

तीन आठवडे मी लिहीत होते. आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. दुसऱ्या अंकात बऱ्याच वर्षांनी नवे साहेब येतात, जुन्या अर्जांची चौकशी लावतात, आणि भिमा नाशिकहून सुनावणीला येते. पानं देत गेले तशी सर वाचत गेले आणि पाठीवर थाप मारत गेले. शेवटच्या प्रवेशासकट पक्की शिवलेली वही मी दसऱ्याच्या सकाळी दिली. त्यांनी वजन बघितलं, जाडी बघितली आणि छातीशी धरली.

"शेवट?"

"मागे आहे, सर. तुम्ही आधी वाचत नाही म्हणून सांगत नाही."

वाचन एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. सतरंज्या, झेंडूच्या माळा, तीसएक माणसं. मनोजशेठ पुढे गादीवर. त्यांच्या शेजारी मोहिनीताई, भिमाची भूमिका करायला मुंबईहून आलेल्या, चाळीस वर्षं रंगभूमीवर घालवलेल्या बाई. पेपरवाले दोघे. मी सवयीने सरांच्या मागे भिंतीशी बसले.

सरांनी वाचलं मात्र जीव ओतून. पहिला अंक झाला, चहा झाला, दुसरा सुरू झाला. मोहिनीताईंनी दोनदा पदर डोळ्यांना लावला. आई असती तर, असं वाटून गेलं.

मग शेवटचा प्रवेश. सुनावणीची खोली. साहेब विचारतात, खरी अर्जदार कोण? रावजी भावजयीकडे बोट दाखवतो. आणि भिमा उभी राहते. सरांनी तिचा आवाज लावला, अगदी माझ्या आईसारखा. इतकी वर्षं बाजारात तिच्याकडून फुकट कोथिंबीर नेली होती त्यांनी.

"सायेब, ह्यो अर्ज मी सांगितला, यानं लिवला. आता हा म्हनतो, ह्या बाईचाच हाय. बरं. मंग यालाच इचारा. ज्या दिशी मालक कामावर मेला, त्या दिशी सकाळी घरातून निघताना त्यो काय बोलला व्हता? मी याला सांगितलं व्हतं. सांग रावजी. पुढचं सांग."

सरांनी पान उलटलं.

कोरं.

त्यांनी आणखी एक उलटलं. तेही कोरं. मनोजशेठ हळूच म्हणाले, "वा! काय पॉज घेतलाय!" दोघातिघांनी माना डोलावल्या. सर पानं उलटत होते. अकरा कोरी पानं मी स्वतः मोजून शिवली होती. त्यांच्या मानेवरून घाम शर्टाच्या कॉलरमध्ये उतरताना मला मागून दिसत होता. देवाशपथ सांगते, बघून गार वाटलं मला.

"पुढे?" मनोजशेठ म्हणाले.

सर वळले. "ललिता, पानं राहिली वाटतं. मागची पानं दे."

"माझ्याकडे कुठली, सर? तोंडी सांगा ना. नाटक तुमचं, आई तुमची."

"हो, हो, तोंडीच सांगा," मनोजशेठ म्हणाले. "काय बोललेला असतो नवरा?"

सरांनी घसा साफ केला. तोंडचं पाणी पळालं होतं, पण नट तो नट. डोळे मिटून आवाज खाली आणला. "तो म्हणालेला असतो… भिमा, मी येईपर्यंत वाट बघ. आलो नाही, तर आपल्या लेकराला सांग, तुझा बाप या मातीसाठी गेला."

मोहिनीताईंनी चष्मा काढला. "गोरक्षराव, रागावू नका हं. पण धरणावर दगड फोडायला निघालेला माणूस सकाळी सकाळी असं बोलतो? इतका वेळ वाचलंत त्या बाईचा नवरा हा नाही. ज्याने मागचं लिहिलं त्याने हे लिहिलेलं नाही."

मी उठले.

"तो म्हणाला होता, आज शेळीला बाहेर सोडू नको, तिच्या पायाला सूज हाय. बाई शेळीपाशी थांबली. रोज दुपारी ती धरणावर भाकरी घेऊन जायची, त्या दिवशी गेली नाही. म्हणून ती वाचली, आणि म्हणूनच तिला त्याचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. त्यानंतर तिने कधी शेळी पाळली नाही."

मोहिनीताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"कारण तो माझा बाप होता. आणि भिमाबाई माझी आई. सरांची आई गंगापूर रोडला असते. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तिच्याकडचा चहा प्यायलाय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पेपरवाल्यांनी पेनं काढली. सर उभे राहिले, चेहरा चुन्यासारखा पांढरा. "ललिता, हे इथे नको."

"मग कुठे, सर? मेकअपच्या खोलीत?"

मनोजशेठ धंदेवाला माणूस. त्यांनी ना त्यांना झापलं, ना मला शाबासकी दिली. एवढंच विचारलं, "शेवट कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. डोक्यात."

"पहिल्या पानावर कोणाचं नाव?"

"माझं."

"ठरलं. रावजीसाठी मी दुसरा नट बघतो."

आता ऐका. त्या क्षणी सर खचले. नाव गेलं तेव्हा पांढरे पडले होते, पण भूमिका जाते म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. ते निघून गेले असते तर त्यांची लाज जरा तरी राहिली असती. ते गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, हात अर्धवट जोडलेले.

मला काय करावंसं वाटलं असेल? मी म्हटलं, "नाही शेठ. रावजी सरांनीच करायचा. त्यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही. मात्र शेवट मी सांगते आणि सर लिहून घेतील. आत्ता, इथे, याच वहीत."

सगळ्यांना वाटलं काय मोठं मन आहे बाईचं. मोहिनीताईंनी तर माझा हात धरला. सरांनी पेन घेतलं, सतरंजीवर बसले. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. पहिल्या पानावर 'लेखिका: ललिता सोमा गभाले'. मग भिमाचं वाक्य. मग मी सांगितलं, "कंस करा. आत लिहा. रावजीला उत्तर येत नाही. तो सगळ्यांसमोर, पूर्ण उजेडात, एक मिनिट गप्प उभा राहतो."

पेन थांबलं. "रंगमंचावर एक मिनिट फार होतं, ललिता."

"माहीत आहे. लिहा."

डिसेंबरात प्रयोग सुरू झाले. पडद्याआधी माझं नाव येतं, मग पडदा उघडतो. सरांचं काम फार चांगलं होतं, सगळे म्हणतात. त्या एका मिनिटात ते खोटं काही करूच शकत नाहीत. हातांचं काय करावं ते कळत नाही त्यांना, नजर कुठे ठेवावी तेही. आठशे माणसं नुसती बघत बसतात.

दहाव्या प्रयोगानंतर ते मेकअप न उतरवताच माझ्याकडे आले. पहिल्यांदाच मला अहो-जाहो करत होते. म्हणाले, "ललिताताई, पाया पडतो, ते मिनिट जरा कमी करा. अर्ध्यावर आणा. लोकांचे डोळे अंगावर येतात हो. रात्री झोप लागत नाही."

मी म्हटलं, "सर, माझी आई सत्तावीस वर्षं बाजारात बसली."

आणि अकराव्या प्रयोगापासून मी त्या मिनिटाची दोन मिनिटं केली.